मुशींच्या सहवासातील निमज्जन

उष्ण कटिबंधातील समुद्रात स्वयंपूर्ण श्वसनसाधन (स्कूबा) वापरून पाण्याखाली उतरणे आणि मुशी (शार्क) व त्यांच्या परिसरातील इतर जीव नैसर्गिक अधिवासात पाहणे, असा हा जलक्रीडेचा प्रकार होय. पालाऊ, मालदीव, फिजी व बहामा ही द्वीपराष्ट्रे त्यासाठी प्रसिद्ध आहेत. मुशीला कोकणात मोरी असेही म्हणतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेकांनी मुशी पाहिली ती गळाला लागलेली किंवा जाळ्यात सापडलेली. तिचे पाण्यातील वर्तन जवळून पाहणे निमज्जनामुळेच शक्य झाले.

साधन व शरीरावरील परिणाम : झाक ईव्ह कूस्तो व एमील गान्यां यांनी १९४३ मध्ये फ्रान्समध्ये तयार केलेल्या नियामकावर हे साधन आधारलेले आहे. पाठीवरील टाकीत हवा उच्च दाबाखाली भरलेली असते आणि नियामक ती पाणबुड्याला सभोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्या दाबाने पुरवितो. दर १० मी. खोलीस दाब सु. एक वातावरणाने वाढतो. म्हणजे २० मी. खोलीवर तो पृष्ठभागावरील दाबाच्या तिप्पट होतो व टाकीतील हवाही तितक्याच पटीने लवकर संपते. वाढत्या दाबामुळे नायट्रोजन वायू रक्तात व ऊतकांत अधिक प्रमाणात विरघळतो. पाणबुडा झपाट्याने वर आल्यास या वायूचे बुडबुडे बनून सांधेदुखी, पक्षाघात, क्वचित मृत्यूही ओढवतो. वर येताना श्वास रोखून धरल्यास फुप्फुसातील हवा प्रसरण पावून ते फाटण्याचा संभव असतो. म्हणून मिनिटाला सु. ९ मी. वेगाने वर येणे व सु. ५ मी. खोलीवर तीन मिनिटे थांबणे, हा प्रघात आहे. सु. ३० मी. पलीकडे नायट्रोजनामुळे गुंगी येऊ लागते. हौशी निमज्जनाची कमाल मर्यादा ४० मी. मानतात.

मुशींचे वर्तन : मुशींच्या ५०० हून अधिक जाती ज्ञात आहेत. या उपास्थिमीनांचे घ्राणेंद्रिय तीक्ष्ण असते. पार्श्विक रेखेद्वारे त्यांना पाण्यातील कंपने कळतात, तर मुस्कटावरील सूक्ष्म छिद्रांतील संवेदी अंगांमुळे भक्ष्याच्या स्नायूंतील क्षीण विद्युत्‌ही जाणवते. प्रवाळभित्तीवर करडी प्रवाळमुशी, काळ्या व पांढऱ्या टोकांच्या पक्षांच्या मुशी या जाती नेहमी दिसतात. पांढऱ्या टोकांची मुशी दिवसा कपारीत पडून राहते व रात्री शिकार करते. मत्स्यवर्गातील सर्वांत मोठा प्राणी असलेली देवमुशी (ऱ्हिंकोडॉन टायपस) पाणी गाळून प्लवक व लहान मासे खाते. माणसाला तिच्यापासून भय नसते. करडी प्रवाळमुशी डिवचली गेल्यास पाठीला बाक देते, अंसपक्ष खाली झुकवते व मुस्कट वर उचलून हेलकावे घेत पोहते. ही धमकी असून अशा वेळी शांतपणे मागे सरणे श्रेयस्कर असते. तिच्या मार्गात आडवे येणाऱ्या छायाचित्रकारांवर हल्ले झाल्याच्या नोंदी आहेत.

पालाऊचे उदाहरण : पश्चिम पॅसिफिकमधील पालाऊ बेटांजवळ ‘ब्लू कॉर्नर’ हे विख्यात स्थळ आहे. तेथे भरती-ओहोटीचे प्रवाह प्रवाळाच्या उभ्या कड्यावर आदळून वर वळतात. त्यांच्याबरोबर येणाऱ्या अन्नामुळे लहान माशांचे थवे जमतात व त्यांच्यामागे मोठे भक्षक येतात. मुशी या प्रवाहात फारसे श्रम न करता तरंगत राहतात. पाणबुडे मृत खडकात आकडा अडकवून दोरीच्या आधाराने स्थिर राहतात. जिवंत प्रवाळाला हात लावणे निषिद्ध असते. पालाऊने २००९ मध्ये आपले सु. सहा लाख चौ. किमी. सागरी क्षेत्र मुशींसाठी अभयारण्य घोषित केले. हे अशा प्रकारचे जगातील पहिले होय. तेथील एक प्रवाळमुशी तिच्या आयुष्यात पर्यटनातून सु. १९ लाख डॉलर मिळवून देते, असा अंदाज २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. मारलेल्या मुशीची किंमत एकदाच मिळते, हे यावरून स्पष्ट होते.

धोके व मतभेद : न डिवचता मुशींनी माणसांवर केलेल्या हल्ल्यांची नोंद जगभरात वर्षाला साधारणतः साठ-सत्तर इतकी होते. त्यांत लाटांवर खेळणारे व पोहणारे अधिक, तर पाणबुडे थोडे असतात. खरा वाद आहे तो मुशींना आमिष दाखविण्याविषयी. त्यामुळे माणूस व अन्न यांची सांगड त्यांच्या मनात बसते, असा आक्षेप आहे. फ्लॉरिडा राज्याने २००२ पासून आपल्या सागरी हद्दीत याला बंदी केली. उलट, फिजीमधील बेंगा खाडीजवळच्या राखीव भित्तीवर (२००४) बैलमुशींना खाद्य देतात. तेथे मासेमारीचा हक्क सोडणाऱ्या गावांना पाणबुड्यांकडून शुल्क मिळते.

संरक्षण : मुशींपासून माणसाला असलेल्या भयापेक्षा माणसापासून मुशींना असलेले भय कितीतरी मोठे आहे. मासेमारीत दरवर्षी सु. १० कोटी मुशी मरतात, असा २०१३ मधील अंदाज आहे. खुल्या महासागरातील मुशी व पाकट यांची संख्या १९७० ते २०१८ या काळात ७१ टक्क्यांनी घटली. त्यांची पैदास मंद असल्याने ही हानी सहज भरून येत नाही. मालदीवने २०१० मध्ये मुशींच्या शिकारीवर बंदी घातली. भारतात २००१ मध्ये देवमुशीला कायद्याचे संरक्षण मिळाले आणि एकेकाळी तिची शिकार करणारे गुजरातमधील कोळी जाळ्यात आलेली ‘व्हाली’ जाळे कापून सोडू लागले. महाराष्ट्रात मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये स्थापन झाले असून तारकर्लीस निमज्जनाचे प्रशिक्षण मिळते. जेथे मुशी आहेत तेथील भक्षक-भक्ष्य संबंध सामान्यतः अभंग असतात; पाण्याखाली मुशी दिसणे हे त्यामुळे समुद्राच्या सुस्थितीचे लक्षण मानले जाते.