ब्लू बॉटल: मेली तरी डंखणारी

पावसाळ्यात जुहू किंवा गिरगावच्या चौपाटीवर ओल्या वाळूत निळसर, पारदर्शक फुगे पडलेले दिसतात. बोटभर लांब, वरच्या कडेला गुलाबी झाक आणि खाली गडद निळ्या दोऱ्याचा गुंता. पायाखाली फुटताना फट् आवाज येतो, म्हणून मुलं मुद्दाम त्यांच्यावर पाय देतात. ही ब्लू बॉटल.

बातम्यांत तिला सर्रास जेलीफिश म्हणतात. ती जेलीफिश नाही. एकाच फलित अंड्यातून वाढलेल्या, एकमेकांना जोडलेल्या अनेक जीवांची ती वसाहत आहे. कोणी तरंगवतो, कोणी शिकार पकडतो, कोणी ती पचवतो, कोणी प्रजनन सांभाळतो. यातला एकही जीव एकट्याने जगू शकत नाही.

‘ती माणसांवर चाल करून येते’ हाही गैरसमजच. तिला पोहताच येत नाही. फुग्यावरचा तुरा शिडाचं काम करतो आणि वारा नेईल तिकडे ती जाते. काहींचं शीड डावीकडे कललेलं असतं, काहींचं उजवीकडे, त्यामुळे एकाच वाऱ्यात त्या वेगवेगळ्या दिशांना जातात. आपल्याकडे त्यांना किनाऱ्यावर लोटतात ते नैर्ऋत्येचे मोसमी वारे.

सगळ्यात घातक समज म्हणजे ‘वाळूत पडलेली मेलेली असते, काही करत नाही’. त्या निळ्या दोऱ्यांवर सूक्ष्म डंखपेशी असतात. प्रत्येकीत गुंडाळलेली विषारी नळी दाबाखाली भरलेली असते आणि स्पर्श होताच ती सुटते. त्यासाठी प्राणी जिवंत असावा लागत नाही. तुटलेला दोराही डंखतो. कातडीवर मण्यांच्या माळेसारखा लाल वळ उठतो आणि आग आग होते. मृत्यू अत्यंत विरळा, पण वेदना खरी असते.

त्यानंतर जे उपाय होतात, त्यांनी बरेचदा दुखणं वाढतं. वाळूने रगडलं की उरलेल्या डंखपेशीही सुटतात. लघवीचा उपयोग होतो याला आधार नाही. खरा उपाय साधा आहे: समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले दोरे चिमट्याने काढा आणि तो भाग सोसवेल इतक्या गरम, साधारण ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात वीसेक मिनिटं ठेवा. २००६ साली ऑस्ट्रेलियात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बर्फापेक्षा गरम पाण्याने वेदना अधिक शमल्याचं दिसलं. पाणी आधी दुखऱ्या नसलेल्या हाताने तपासा, नाहीतर भाजेल. श्वास लागला, छातीत दुखलं किंवा डंख डोळ्याजवळ असेल तर थेट रुग्णालय गाठा.

पावसाळ्यात चौपाटीवर जाताना चप्पल काढू नका, आणि मुलांना निळ्या फुग्याला हात लावू देऊ नका.