मुलांचे मन आणि गावचा डॉक्टर

शाळेची वेळ झाली की पोटात दुखते, सुटीच्या दिवशी मात्र काही होत नाही, अशी मुले बहुतेक प्रत्येक शाळेत आढळतात. त्यांना ढोंगी म्हणणे सोपे असते. परंतु पुष्कळदा मनातील भीतीच शरीरावाटे प्रकट होते आणि दुखणे खरोखर जाणवते. अशा मुलाला आईबाप प्रथम गावच्या डॉक्टरकडे नेतात. मानसरोगतज्ज्ञ मोजके व बहुधा शहरातच असतात. म्हणून बालकांच्या व किशोरांच्या मनोविकारांची ओळख सामान्य डॉक्टरला असणे अगत्याचे आहे.

हा विचार आपल्या देशात नवा नाही. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेने, म्हणजे निम्हान्सने, त्याच दशकात बल्लारी जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या डॉक्टरांना शिक्षण देऊन हा मार्ग व्यवहार्य असल्याचे दाखविले. त्याच धर्तीवर १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमास आरंभ झाला. जागतिक आरोग्य संघटनेने अतज्ज्ञ डॉक्टरांसाठी २०१० मध्ये मार्गदर्शिका काढली. २०१६ च्या सुधारित आवृत्तीत मुलांच्या व किशोरांच्या विकारांना स्वतंत्र प्रकरण आहे.

या शिक्षणात डॉक्टरने काय शिकावयाचे? प्रथम दृष्टी, श्रवण, रक्तक्षय, फेफरे अशी शारीरिक कारणे पाहावयाची. मग मुलाशी एकान्तात बोलावयाचे, पालकांचे ऐकावयाचे आणि शाळेतील वर्तनाची चौकशी करावयाची. उदासीनता दिसताच गोळी लिहून द्यावयाची नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना अतज्ज्ञाने नैराश्यावरील औषध देऊ नये, असे ही मार्गदर्शिका सांगते. जीव द्यावासा वाटतो काय, हे सरळ विचारावयास कचरू नये. विचारल्याने तो विचार बळावत नाही. आपल्या आवाक्याबाहेरचा रुग्ण ओळखून तज्ज्ञाकडे पाठविणे, हेही या शिक्षणाचेच अंग होय.

शिक्षकाचा संबंध येतो तो येथे. डॉक्टर मुलाला काही मिनिटे पाहतो. शिक्षक वर्षभर पाहतो. निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे, आणि ‘मंद’, ‘वेडा’ हे शब्द तर वर्गात उच्चारूच नयेत. मात्र बदल केव्हापासून दिसला, गैरहजेरी कोणत्या वारी पडते, सोबत्यांशी बोलणे सुटले काय, अभ्यास व अक्षर कसे पालटले, हे चार ओळींत लिहून पालकांच्या संमतीने डॉक्टरकडे द्यावे. मुलाने मरणाची भाषा केल्यास त्याला क्षणभरही एकटे सोडू नये, पालकांना तत्काळ कळवावे व त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे. २०२२ साली सुरू झालेल्या टेलि-मानस या सरकारी सेवेचा सल्ला १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य मिळतो.

यासाठी नवे दप्तर ठेवण्याचे कारण नाही. हजेरीपटातील एकाच वाराच्या रिकाम्या रकान्यांकडे शिक्षकाने लक्षपूर्वक पाहिले, तरी डॉक्टरला सांगण्याजोगी पहिली गोष्ट हाती येते.