आधी भिंग, मग कॅमेरा : आकाशातली उडी टिपताना

दिघीला विमानातून उडी मारायची सोय नाही. इथल्या धक्क्यावरून जंजिरा दिसतो, समोर आगरदांडा दिसतो, बंदराला लागलेली जहाजं दिसतात. हवेत लटकणारा माणूस पाहायचा तर सुट्टीच्या दिवसांत आसपासच्या किनाऱ्यांवर चालणारं पॅरासेलिंग, तेवढंच. तरी लग्नं आणि क्रिकेटचे सामने चित्रित करणाऱ्या कोकणातल्या पोरांना या विषयाचं कुतूहल असतंच. घरात जुना हँडीकॅम पडून असतो, मोबाइलवर स्कायडायव्हिंगच्या चित्रफिती रोज दिसतात, आणि प्रश्न येतो : यासाठी कॅमेरा कुठला घ्यायचा?

मराठी माणसाला हा खेळ माहीत झाला तो मुख्यतः शीतल महाजन यांच्यामुळे. २००४ साली उत्तर ध्रुवावर उडी, २००६ साली दक्षिण ध्रुवावर, २०११ साली पद्मश्री, २०१८ साली थायलंडमध्ये चक्क नऊवारी नेसून उडी, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हरेस्टच्या परिसरात २१,५०० फुटांवरून. यातली नऊवारीची उडी लोकांच्या लक्षात राहिली ती चित्रामुळेच. मजकूर वाचून ती कोणाला खरी वाटली नसती.

अंतर ठरवा, भिंग आपोआप ठरतं

दुकानात गेलं की माणूस आधी मेगापिक्सेल विचारतो. इथे तो प्रश्न शेवटचा. पहिला प्रश्न असा, की उडी मारणाऱ्यापासून तुम्ही किती लांब असणार?

साधारण १३,००० फुटांवरून उडी मारली तर पॅराशूट उघडेपर्यंत पाऊण ते एक मिनिट हातात असतं. पोटावर पडणाऱ्या माणसाचा वेग दहा-बारा सेकंदांत ताशी २०० किलोमीटरच्या आसपास स्थिरावतो. चित्रीकरण करणाराही त्याच वेगाने पडत असतो, म्हणून समोरचा माणूस त्याला जवळजवळ तरंगताना दिसतो. चेहऱ्यावरचे भाव टिपायचे तर दीड-दोन मीटरवर यावं लागतं. त्याहून लांब राहिलात तर माणूस ठिपका होतो, आणि झूम करायला तिथे हात मोकळा नसतो. हातच तर तुमचे पंख.

आता हिशेब करा. साध्या हँडीकॅमची दृष्टी आडवी साधारण ४५ अंशांची. दोन मीटरवरून त्यात जेमतेम १.६५ मीटर रुंदी मावते. हात पसरलेला माणूस आपल्या उंचीएवढा रुंद असतो, म्हणजे बोटं कापली गेलीच. म्हणून कॅमेऱ्याच्या पुढे वाइड अँगलचं जोडभिंग लावायचं. त्यावर ०.५ किंवा ०.३ असा आकडा असतो. ०.५ म्हणजे भिंगाचं नाभीय अंतर निम्मं. दृष्टी ८० अंशांच्या आसपास जाते आणि त्याच दोन मीटरवरून तीन मीटरच्या वर रुंदी मिळते. शिकाऊ उमेदवार आणि त्याला बांधलेला प्रशिक्षक, दोघंही पसरल्या हातांसकट आत बसतात.

०.५ घ्यावं की ०.३?

माझं मत सरळ आहे : एकच घ्यायचं तर ०.५ च्या जवळपासचं घ्या. ०.३ लावलं की दोन मीटरवर पाच मीटरहून जास्त रुंदी दिसते. ऐकायला छान वाटतं. पण तुम्ही थोडे मागे पडून पाच मीटरवर गेलात की समोरचा माणूस चौकटीच्या आठव्या हिश्श्याएवढा उरतो. बाकी सगळं निळं. ०.३ त्यांच्यासाठी, जे हात लांबवून शिवता येईल इतक्या जवळ स्थिर उडू शकतात. ते कौशल्य पैशाने मिळत नाही, शेकडो उड्यांनी येतं.

चौघं-पाच जण हात धरून रिंगण करतात तेव्हाही ०.५ लावून चारेक मीटरवर राहिलं की पुरतं.

जितकं रुंद भिंग तितक्या कडेच्या सरळ रेषा वाकतात. क्षितिज चौकटीच्या मधोमध ठेवलं तर सरळ दिसतं, वर किंवा खाली गेलं की कमान होतं. ‘आम्ही पृथ्वीची गोलाई पाहिली’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या १३,००० फुटांवरच्या पुष्कळ चित्रांतली गोलाई पृथ्वीची नसून भिंगाची असते.

जोडभिंग घेताना ते कॅमेऱ्यावर लावूनच पाहावं. चौकटीचे कोपरे काळे पडतात का? कडेला जांभळी-हिरवी किनार दिसते का? आट्यांचं माप जुळतं का? हँडीकॅममध्ये २५, ३० आणि ३७ मिलिमीटर ही मापं सर्रास आढळतात. मधली कडी लावून माप जुळवता येतं, पण प्रत्येक कडीने भिंग पुढे सरकतं, आणि कोपरे काळे होण्याची शक्यता वाढते.

फोकस हाताने ठरवून ठेवावा. निळ्या आभाळात पकडायला काहीच नसल्यामुळे स्वयंचलित फोकस मागेपुढे धावत राहतो. रुंद भिंगात मीटरभरापासून अनंतापर्यंत बहुतेक सगळं स्पष्ट येतं, तेव्हा त्याला धावू देण्याची गरजही नसते.

कपाटातला हँडीकॅम चालेल का?

मिनी डीव्ही कॅसेटवर चालणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यांनी या खेळात बरीच वर्षं काढली. आज अडचण कॅसेटची आणि ती वाजवणाऱ्या यंत्राची. मेमरी कार्डवर चालणारा हँडीकॅम असेल तर अजून उपयोगाचा आहे.

हार्ड डिस्कवाला मात्र घेऊ नका, कोणी फुकट दिला तरी. त्यात चकतीवर वाचणारं डोकं हवेच्या अतिशय पातळ थरावर तरंगत असतं. ४,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या तुलनेत साठ टक्क्यांच्या आसपास उतरतो आणि तो थर भरवशाचा राहत नाही. शिवाय अशा बऱ्याच कॅमेऱ्यांत पडण्याची जाणीव होणारा संवेदक असतो. कॅमेरा हातातून निसटला असं समजून तो डोकं बाजूला घेतो आणि चित्रण थांबवतो. म्हणजे विमानाच्या दारातून पाय सुटण्याचा जो क्षण टिपायचा, नेमका त्याच क्षणी यंत्र संप करू शकतं.

गोप्रोसारख्या अ‍ॅक्शन कॅमेऱ्याने हा सगळा बाजार बदलला. भिंग मुळातच रुंद, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, आत फिरणारा एकही भाग नाही. त्याला वेगळं जोडभिंग शोधत बसू नका. रेषा सरळ करणारी ‘लिनिअर’ सोय त्यात असते, पण ती कडा कापून घेते. चित्र स्थिर करणारी इलेक्ट्रॉनिक सोयही कडाच खाते. भिंग रुंद म्हणून घेतलं आणि या दोन्ही सोयी चालू ठेवल्या, तर हातात येणारं चित्र अपेक्षेपेक्षा बरंच अरुंद असतं. माझ्या लेखी नवशिक्याने हाच कॅमेरा घ्यावा. हँडीकॅमचे रंग आणि झूम कितीही आवडत असले, तरी.

डोक्यावरचं वजन

कॅमेरा हेल्मेटवर बसतो, नाहीतर प्रशिक्षकाच्या मनगटावर. पॅराशूट उघडताना शरीराला हिसका बसतो, आणि तेवढ्या क्षणापुरतं वजन तिप्पट-चौपट होतं. कॅमेरा, जोडभिंग आणि ते बसवायची पट्टी मिळून ६०० ग्रॅम असतील तर मानेला दोन किलोंच्या आसपास जाणवतात. कॅमेरा कानाच्या बाजूला लावला तर हा भार एकाच अंगाला येतो. म्हणून भिंगाचं वजन त्याच्या काचेइतकंच बारकाईने पाहावं.

वाऱ्याचं गणितही वेगळं. त्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. मोटारसायकलवर ताशी ६० ला जेवढा लागतो त्याच्या अकरा पट ताशी २०० ला. घरगुती चिकटपट्टीने लावलेलं काहीही तिथे टिकत नाही.

सगळ्यात मोठा धोका अडकण्याचा. पॅराशूटची दोरी कॅमेऱ्याच्या कोपऱ्यात, स्क्रूत किंवा उघड्या वायरीत गुंतली तर जीवावर बेततं. म्हणून पट्टी गुळगुळीत, कोपरे झाकलेले, वायर आत. हनुवटीचा पट्टा एका हाताने एका झटक्यात सुटणारा हवा, कारण वेळ आली तर कॅमेऱ्यासकट हेल्मेट फेकून देता आलं पाहिजे. महागाचा कॅमेरा म्हणून ज्याचा हात तिथे अडखळेल त्याने स्वस्तातला घ्यावा. फडफडणाऱ्या कापडालाही हेच लागू : नऊवारीसारखा पोशाख असेल तर तो आधी जागच्या जागी घट्ट बांधायचा, चित्र कसं येईल ते नंतर.

थंडी आणि बाष्प

समुद्रसपाटीपेक्षा ४,००० मीटरवर सुमारे २५ अंश जास्त थंडी असते. बॅटरी लवकर बसते, म्हणून वर जाताना सुटी बॅटरी खिशात, अंगाच्या उबेला ठेवावी. किनारपट्टीवर त्याच्या उलटही त्रास होतो. वर गार झालेली काच खालच्या दमट हवेत शिरली की तिच्यावर बाष्प धरतं आणि जमिनीवर उतरतानाचं चित्र धुरकट येतं. कॅमेऱ्याच्या बंद आवरणात बाष्प शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवली तर आतल्या काचेपुरता फरक पडतो. बाहेरच्या काचेला तिचा उपयोग नाही.

फेरीबोटीवरची परीक्षा

विकत घेतलेलं साहित्य पहिल्यांदा आकाशात नेऊ नये. आगरदांडा ते दिघी हा गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीचा प्रवास त्यासाठी फार सोयीचा आहे, आणि तिकीट फुटकळ. मित्राला डेकवर हात पसरून उभं करा, दोन मीटरवरून पाहा : बोटं आत आहेत का? मग तेच भिंग जंजिऱ्याकडे वळवा. डोळ्यांना भक्कम दिसणारा किल्ला पाण्यावरच्या काळ्या रेघेएवढा होतो. वरून जमीन किती लांब दिसेल याचा अंदाज इथेच येतो. तटाची ओळ चौकटीच्या वरच्या कडेला नेली की ती किती वाकते तेही कळतं.

बोटीचं इंजिन धडधडत असतं. कॅमेरा कठड्याला टेकवून मिनिटभर चित्रण करा. चित्र पाण्यासारखं हलत असेल तर ती रोलिंग शटरची खोड : चौकट एकदम न टिपता ओळीओळीने टिपली जाते आणि थरथर तिच्यात उमटते. हेल्मेटवरची पट्टी सैल असली तरी हेच दिसतं. नंतर हेल्मेट घालून डोकं सावकाश आणि मग झटक्यात वळवून पाहा, स्थिरीकरण चालू ठेवून आणि बंद करून.

डोक्यावर कॅमेरा कधी चढवावा?

प्रशिक्षकाला बांधून पहिली उडी मारणाऱ्याने कॅमेऱ्याचा विचारच करू नये. ते काम प्रशिक्षक किंवा सोबत उडणारा करतो. स्वतंत्रपणे उडणाऱ्यांसाठी अमेरिकेतल्या पॅराशूट संघटनेची शिफारस किमान २०० उड्यांची आहे. हा आकडा अनेकांना जाचक वाटतो. पण कॅमेऱ्याच्या नादात अनुभवी माणसाचंही भान कसं सुटतं ते पाहा. १९८८ साली उत्तर कॅरोलिनात शेकडो उड्यांचा अनुभव असलेला एक चित्रीकार दुसऱ्यांची उडी टिपायला विमानाबाहेर पडला, तो पाठीवर पॅराशूट नसतानाच. चित्रीकरणाचं साहित्य अंगावर होतं. त्याच्या ओझ्यामुळे पॅराशूट बांधल्यासारखं वाटलं असावं, असा तर्क तेव्हा केला गेला. कॅमेरा चालूच राहिला होता.