पाच लढाया, पाच विजय: वॉरहॅमरची जिंकणारी लिस्ट कशी वाचायची?

(आजच्या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी सगळं तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावा, आवाज थोडा वाढवा. आज फाशांचा खडखडाट आहे.

वॉरहॅमरबद्दल बोलायला लागलो की एक प्रश्न हमखास येतो. "दादा, खेळ सुरू करायचाय. मोठ्या स्पर्धेत पहिला आलेल्याची आर्मी लिस्ट नेटवर मिळाली. तीच घेऊन टाकू का?" प्रश्न साधा वाटतो, पण त्यात पैसा आहे आणि वेळही. ही मॉडेल्स स्वस्त नाहीत. पेटीतून सुटे भाग निघतात, ते कापायचे, चिकटवायचे, रंगवायचे. बऱ्याच स्पर्धांत रंगवलेलंच सैन्य चालतं. म्हणजे एका लिस्टमागे हजारो रुपये आणि कित्येक रविवार. म्हणून उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं न देता, ती लिस्ट वाचायची कशी ते सांगतो. मग काय ते तुम्हीच ठरवा.

खेळ काय आहे

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची गेम्स वर्कशॉप ही कंपनी. तिने १९८३ मध्ये वॉरहॅमर आणला. टेबलावर डोंगर, पडकी घरं मांडायची, दोन बाजूंना दोन सैन्यं, हातात फासे आणि मोजायला टेप. जुना 'वॉरहॅमर फँटसी बॅटल' २०१५ मध्ये बंद झाला आणि त्याच्या जागी 'एज ऑफ सिग्मार' आला. आज बोलतोय ते या दुसऱ्या खेळाबद्दल.

स्पर्धेत सहसा प्रत्येकाला २००० पॉइंट मिळतात. प्रत्येक तुकडीला किंमत असते. आयपीएलचा लिलाव आठवा. पर्समध्ये ठरावीक पैसे, मैदानावर परदेशी खेळाडू चारच. सगळेच स्टार घेता येत नाहीत, कुणीतरी स्वस्तातलाही लागतो. आर्मी लिस्ट म्हणजे हाच लिलाव, फक्त समोर कुणी बोली लावत नाही. किमती आधीच छापलेल्या असतात.

आणि खरी मेख तिथेच आहे. छापलेली किंमत चुकीची असेल तर?

किंमतच नसेल तर?

याचं उत्तर जगाने एकदा बघितलंय. २०१५ मध्ये एज ऑफ सिग्मार आला तेव्हा त्यात पॉइंट नव्हतेच! मूळ नियम चार पानांचे आणि फुकट. दोघांनी आपापलं सैन्य आणायचं, सामंजस्याने ठरवायचं आणि खेळायचं. काही जुन्या पात्रांच्या नियमांत तर समोरच्यापेक्षा तुमच्या मिशा भारी असतील तर फायदा, असली गंमत होती. घरी मित्रासोबत झकास. पण स्पर्धेत अनोळखी माणसासमोर 'सामंजस्याने' म्हणजे किती राक्षस?

मग स्पर्धा भरवणाऱ्यांनी स्वतःच्या किमती आणि मर्यादा ठरवायला सुरुवात केली. जुलै २०१६ मध्ये कंपनीने 'जनरल्स हँडबुक' काढलं आणि अधिकृत पॉइंट आले. मोकळा खेळ आणि गोष्टीवर बेतलेला खेळ त्यातही राहिले, पण स्पर्धांचा रस्ता पॉइंटवरूनच जायला लागला. मला यातून एवढं कळलं की पॉइंट हा दोन अनोळखी माणसांमधला करार आहे. आणि पहिल्या नंबरची लिस्ट म्हणजे त्या करारातली फट सगळ्यात आधी शोधणारी लिस्ट.

बेरीज नाही, गुणाकार

आता थोडं गणित. घाबरू नका, बारावीच्या प्रॉबॅबिलिटीपेक्षा सोपं आहे.

एका वाराला तीन दारं ओलांडावी लागतात. वार लागला का? लागला तर जखम झाली का? झाली तर समोरच्याच्या चिलखताने वाचवलं का?

समजा तुमच्या तुकडीचे २० वार आहेत. लागायला फाशावर ३ किंवा जास्त हवेत, जखमेलाही ३ किंवा जास्त. समोरचा ४ किंवा जास्त आल्यावर वाचतो. २० गुणिले दोन तृतीयांश, गुणिले दोन तृतीयांश, गुणिले अर्धा. उत्तर ४.४ जखमा. फार नाही.

आता शेजारी एक सेनानायक उभा करा, ज्याच्यामुळे वार लागायला २ पुरतात. एक जादूगार, ज्याच्यामुळे जखमेलाही २ पुरतात. आणि समोरचं चिलखत एका अंकाने कमजोर करणारी एखादी क्षमता. पुन्हा गुणाकार करा. उत्तर ९.३. तुकडी तीच, वार तितकेच, मार दुपटीहून जास्त.

म्हणून वरच्या लिस्टमध्ये एक मोठी मारणारी तुकडी आणि भोवती तीन-चार 'बिनकामाची' वाटणारी पात्रं दिसतात. नवखा माणूस म्हणतो, या म्हाताऱ्या जादूगारावर एवढे पॉइंट कशाला? अहो, तो एकटा काहीच मारत नाही. पण तो गुणाकाराच्या चिन्हासारखा आहे. मारणारी तुकडी विकत घेतली आणि तो राहिला, तर तुमच्याकडे अर्धीच लिस्ट आली.

सरासरीवर कोण जिंकतं?

मी दिवसभर सर्व्हर सांभाळतो. आमच्याकडे 'सरासरी रिस्पॉन्स टाइम' चांगला आहे असं कुणी म्हणालं की लगेच पुढचा प्रश्न येतो, सगळ्यात वाईट एक टक्क्याचं काय? स्पर्धेतही तेच आहे.

बरीच सैन्यं आकाशातून किंवा जमिनीखालून अचानक येतात. पण शत्रूपासून ९ इंचांहून लांब उतरावं लागतं. मग धावून जाऊन भिडायचं असेल तर दोन फाशांची बेरीज ९ किंवा जास्त हवी. ३६ पैकी १० शक्यता, म्हणजे २८ टक्के. व्हिडिओमध्ये असा चार्ज लागला की भारी दिसतं. चारात तीन वेळा तो लागत नाही, तो भाग व्हिडिओत येत नाही.

चांगला लिस्टकार काय करतो? बेरजेत १ वाढवून देणारी क्षमता घेतो, शक्यता ४२ टक्के. वर फासे पुन्हा टाकायची सोय शोधतो, ६६ टक्के. किंवा दुसरा मार्ग, तीन स्वस्त तुकड्या उतरवतो. त्यातली एक तरी भिडण्याची शक्यता ६२ टक्के. आमच्या भाषेत याला रिडंडन्सी म्हणतात. एक सर्व्हर पडला तरी साइट चालू राहिली पाहिजे.

यात या खेळाची एक खास खोड आहे. दर फेरीत आधी कुणाची पाळी हे फासा टाकून ठरतं. त्यामुळे समोरच्याला सलग दोन पाळ्या मिळू शकतात. तुमचा सगळा डाव एकाच राक्षसावर असेल तर त्या दोन पाळ्यांत तो जमीनदोस्त. म्हणून वरच्या लिस्ट 'दोन पाळ्या खाऊनही उभे राहू का?' या प्रश्नाचं उत्तर खिशात घेऊन येतात. सैन्य आधी मांडून संपवणाऱ्याला पहिल्या फेरीत कोण सुरू करणार हे ठरवता येतं, असाही नियम बराच काळ राहिला. मग अख्खं सैन्य एकाच झटक्यात टेबलावर ठेवणाऱ्या लिस्ट आल्या. कागदावर तो फायदा दिसत नाही, टेबलावर दिसतो.

मारणं म्हणजे जिंकणं नव्हे

२०२० मध्ये 'सन्स ऑफ बेहेमाट' आले. महाकाय राक्षसांचं सैन्य, २००० पॉइंटमध्ये चार मॉडेल्स! समोर शंभर उंदीर आणि इकडे चार जण. मग हे जिंकायचे कसे?

तर सामना ऑब्जेक्टिव्हवर ठरतो. टेबलावर ठरावीक जागा असतात, तिथे तेव्हा ज्याची माणसं जास्त त्याला गुण मिळायचे. आणि या राक्षसांच्या नियमांत एक महाकाय म्हणजे २० मॉडेल्स मोजली जात. म्हणजे पॉइंट मोजले फक्त मारण्याचे नाहीत, जागा अडवण्याचेही. ही लिस्ट रंगवायला चार मॉडेल्स आणि खेळायला सोपी, पण एक राक्षस पडला की पाव सैन्य गेलं.

२०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत दर फेरीला एक 'बॅटल टॅक्टिक' निवडून ती पूर्ण करायची असायची. अमुक जागा घे, तमुक तुकडी मार. तेव्हापासून चांगल्या लिस्टमध्ये एक-दोन स्वस्त, पळणाऱ्या तुकड्या हमखास दिसतात. त्या कुणाला मारत नाहीत. कोपऱ्यात जाऊन गुण गोळा करतात आणि मरतात. फोटोत त्या मागे कुठेतरी असतात, सामना त्यांच्यावर सुटतो.

किंमत चुकते तेव्हा

२०१९ चं स्लानेशचं सैन्य घ्या. त्यांच्या नायकांनी शत्रूला जखम केली पण मारलं नाही, तर 'डिप्रॅव्हिटी' गुण मिळायचे. स्वतः जखमी होऊन जगले तरी मिळायचे. गुण साठले की नवे राक्षस बोलवायचे, फुकट! त्यावर हे नायक शत्रूला शेवटी वार करायला भाग पाडू शकायचे. म्हणजे २००० पॉइंटचं सैन्य सामना संपेपर्यंत २००० चं राहायचंच नाही. लोकांनी 'कीपर ऑफ सीक्रेट्स' नावाचे मोठे राक्षस तीन-तीन, चार-चार भरले आणि स्पर्धांचे वरचे नंबर व्यापले.

पुढे काय झालं? कंपनीने किमती वाढवल्या, राक्षस बोलवायचे नियम आवळले. आता तर पॉइंट वर्षातून अनेकदा बदलतात. प्रत्येक सैन्य ४५ ते ५५ टक्के सामने जिंकावं, असं कंपनीने जाहीर केलेलं उद्दिष्ट आहे. त्याच्या वर गेलात की पॅच येणार. आणि पॅच कुणावर येतो? काल पहिल्या आलेल्या लिस्टवर. तुमचं पार्सल येईपर्यंत आणि चौथ्या राक्षसाचा रंग वाळेपर्यंत ती लिस्ट २००० मध्ये बसतच नाही, असं सहज होतं.

५-० म्हणजे नेमकं काय?

दोन दिवसांच्या स्पर्धेत साधारण पाच सामने असतात. जिंकणाऱ्यासमोर जिंकणारा, हरणाऱ्यासमोर हरणारा. याला स्विस पद्धत म्हणतात, बुद्धिबळवाल्यांना माहीत आहे. ३२ खेळाडू असतील आणि एकही सामना बरोबरीत सुटला नाही, तर पाच सामन्यांनंतर ५-० असा एकच उरतो. १२८ असतील तर चार.

आता गंमत बघा. त्या ३२ जणांनी फासे-बिसे ठेवून फक्त नाणेफेक केली, तरी एक जण ५-० जाणारच! त्याच्या नाण्याचा फोटो काढून आपण ते नाणं विकत घेऊ का?

उलटही बघा. प्रत्येक सामना जिंकण्याची ७० टक्के शक्यता असलेला पक्का खेळाडू ५-० जाण्याची शक्यता किती? फक्त १७ टक्के. म्हणजे उत्तम लिस्ट आणि उत्तम खेळाडू सहापैकी पाच वेळा त्या यादीत दिसतच नाहीत. म्हणून एका विजयावरून काही ठरवू नका. तीच कल्पना वेगवेगळ्या खेळाडूंच्या हातात, वेगवेगळ्या स्पर्धांत पुन्हा पुन्हा वर येतेय का, ते बघा.

विन-रेटचे आकडेही जपून घ्या. लोकप्रिय सैन्य नवशिके जास्त घेतात, त्यामुळे त्याचा आकडा खाली ओढला जातो. अवघड सैन्य फक्त मुरलेले खेळाडू घेतात, त्याचा आकडा फुगतो. आकडा सैन्याचा म्हणून छापला जातो, पण त्यात माणसं मिसळलेली असतात.

मग घ्यायची का ती लिस्ट?

लिस्ट समोर ठेवा आणि तिला प्रश्न विचारा. यात मारणारं कोण आणि गुणाकार करणारं कोण? गुण कोण गोळा करतं? पहिला राक्षस पडला तर दुसरा डाव काय? यातला कुठला तुकडा स्वस्त किमतीमुळे आहे आणि कुठला कामामुळे? स्वस्त किमतीमुळे आलेला तुकडा पुढच्या पॅचमध्ये जाणार, कामामुळे आलेला बहुतेक राहणार. पैसे दुसऱ्यावर घाला.

आणि शेवटचा प्रश्न लिस्टला नाही, स्वतःला. हे मॉडेल पाचही सामने हरलं तरी रंगवायला आवडेल का? पॉइंट बदलतात, नियम बदलतात, अख्ख्या आवृत्त्या बदलतात. कपाटात उभं राहतं ते मॉडेलच. उत्तर 'हो' असेल तर बिनधास्त ऑर्डर करा. 'नाही' असेल तर आधी कुणाकडून तरी उसनं सैन्य घेऊन दोन सामने खेळा. फासे आणि टेप तेवढे स्वतःचे न्या.

पुढच्या भागात भेटू. तोवर तुमच्या लिस्ट पाठवा, गुणाकार मी करून देतो.