चुकलेला आकडा आणि उडालेलं विमान

मित्रांनो, आधी एक कबुली देतो. सेकंड इयरला फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये व्हेन्च्युरीमीटरचं प्रॅक्टिकल होतं. कोएफिशंट ०.९८ च्या आसपास यायला हवा, हे जगजाहीर. आमच्या बॅचचा आला ०.७१! मग आम्ही तेच केलं, जे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. सीनियरचं जर्नल मागवलं, ०.९८ वरून उलटं गणित करत रीडिंग्ज ‘तयार’ केली आणि चहाला गेलो. सबमिशन झालं, सही मिळाली, विषय संपला.

पण विषय खरंच संपला का? या लेखाच्या निमित्ताने विमानाचा इतिहास वाचायला घेतला आणि ते ०.७१ पुन्हा डोक्यात घुमायला लागलं. का, ते शेवटी सांगतो.

इच्छा जुनी, विमान नवं

माणसाचा एकूण प्रवास बघा. शेती सुरू होऊन सुमारे दहा हजार वर्षं झाली. चाक आलं त्याला पाच-साडेपाच हजार वर्षं झाली. समुद्रावर गलबतं, नद्यांवर पूल, आभाळाला भिडणारी देवळं, सगळं जमलं. आकाश मात्र जमलं नाही. माणूस जमिनीवरून उठून पहिल्यांदा मोकळ्या हवेत खऱ्या अर्थाने प्रवास करू शकला तो २१ नोव्हेंबर १७८३ रोजी, पॅरिसमध्ये, माँगोल्फिए बंधूंच्या गरम हवेच्या फुग्यातून. आणि तो फुगा वारा नेईल तिकडे जायचा!

इच्छा नव्हती असं कोण म्हणेल? आपल्याकडे रामायणात पुष्पक विमान आहे, ग्रीकांकडे मेणाने पंख चिकटवणारे डेडालस आणि इकारस आहेत. चीनमध्ये दोन हजार वर्षांहून अधिक काळ पतंग उडताहेत. धाडसाचीही कमी नव्हती. नवव्या शतकात स्पेनमधल्या कॉर्डोबा शहरात अब्बास इब्न फिरनास नावाच्या विद्वानाने पंख बांधून उडी घेतली, असं सांगतात. अकराव्या शतकात इंग्लंडमधल्या माम्सबरीच्या मठातला एल्मर नावाचा साधू मनोऱ्यावरून झेपावला, थोडं अंतर तरंगत गेला आणि दोन्ही पाय मोडून घेतले. गंमत म्हणजे दोघांच्याही गोष्टीत चूक एकच सांगितली आहे : शेपूट लावायचं राहिलं!

आता विचार करा. दोघांमध्ये शतकाहून जास्त अंतर, आणि चूक तीच. कारण पहिल्याने काय केलं, पंख केवढे होते, कुठे बिघडलं, हे दुसऱ्यापर्यंत पोचायची सोयच नव्हती. फिरनासची हकीकत आज आपल्याला मिळते ती त्याच्यानंतर सातेकशे वर्षांनी लिहिलेल्या ग्रंथातून. थोडक्यात, प्रयोग झाले, जर्नल नव्हतं. प्रत्येकाला शून्यापासून सुरुवात करावी लागली, आणि या विषयात शून्यापासून सुरुवात म्हणजे मनोऱ्यावरून उडी!

पक्ष्याची नक्कल सोडली, तेव्हा

दुसरी अडचण होती पक्ष्याची. सगळ्यांना पंख फडफडवायचेच होते. लिओनार्डो द विंचीसारख्या बुद्धिमान माणसाने पानंच्या पानं भरून आराखडे काढले, त्यातली कित्येक यंत्रं फडफडणाऱ्या पंखांचीच. १६८० साली बोरेली या इटालियन शास्त्रज्ञाचं पुस्तक आलं. त्यात त्याने दाखवलं, की वजनाच्या मानाने माणसाचे स्नायू या कामाला पुरणारच नाहीत.

कोंडी फोडली ती इंग्लंडच्या जॉर्ज केली यांनी. १७९९ साली त्यांनी चांदीच्या एका छोट्या चकतीवर दोन गोष्टी कोरून घेतल्या. एका बाजूला पंखावर काम करणाऱ्या बलांची आकृती, दुसऱ्या बाजूला स्थिर पंख आणि मागे शेपूट असलेलं यंत्र. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांनी फ्री बॉडी डायग्रॅम काढली! पक्षी उचललं जाणं आणि पुढे सरकणं ही दोन्ही कामं पंखांकडूनच करून घेतो. केली म्हणाले, ही कामं वेगळी करा. पंख स्थिर ठेवा, त्यांनी फक्त वजन उचलावं. पुढे ढकलायला दुसरी यंत्रणा लावा. आज पुणे-दिल्ली विमानात बसलात, की खिडकीतून दिसतो तो याच कल्पनेचा पंख.

त्यानंतरचं मोठं नाव जर्मनीच्या ओटो लिलिएन्थाल यांचं. हे स्वतः इंजिनिअर, बॉयलर आणि वाफेची इंजिनं बनवणारे. पक्ष्यांच्या पंखांसारख्या बाकदार पृष्ठभागांवर हवेचं किती बल येतं, हे त्यांनी वर्षानुवर्षं मोजलं आणि १८८९ साली पुस्तकात तक्त्यासकट छापलं. मग १८९१ पासून स्वतः ग्लायडर बांधून सुमारे दोन हजार वेळा टेकड्यांवरून तरंगले. ९ ऑगस्ट १८९६ रोजी ग्लायडर कोसळला, दुसऱ्या दिवशी ते गेले. पण यावेळी एक फरक होता. माणूस गेला, तक्ता राहिला.

सायकलवाल्यांची लॅब

तो तक्ता अमेरिकेतल्या डेटन गावी दोन सायकलवाल्या भावांपर्यंत पोचला. विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. दोघांकडे हायस्कूलचं सर्टिफिकेटसुद्धा नव्हतं. १८९९ साली विल्बरने स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहिलं : या विषयावर जे काही छापून आलंय ते पाठवा. म्हणजे सुरुवात झाली ती लायब्ररीतून.

पंखांचं क्षेत्रफळ किती हवं, हे ते एका सूत्राने काढत. उचल म्हणजे चार गोष्टींचा गुणाकार : हवेच्या दाबाचा एक स्थिरांक, पंखाचं क्षेत्रफळ, वेगाचा वर्ग आणि पंखाच्या आकारावर नि कोनावर अवलंबून असणारा एक गुणांक. गुणांक लिलिएन्थालच्या तक्त्यातून घेतला. स्थिरांक होता ०.००५, पाउंड, फूट आणि ताशी मैल या एककांत. हा आकडा जॉन स्मीटन या नामवंत इंजिनिअरच्या १७५९ सालच्या पवनचक्क्यांवरच्या कामातून आलेला. जवळजवळ दीडशे वर्षं पुस्तकापुस्तकांतून चालत आलेला, म्हणजे सीनियरांचा सीनियर!

१९०१ च्या उन्हाळ्यात मोठा ग्लायडर घेऊन दोघं किटी हॉकजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर गेले. उचल मिळाली गणिताच्या साधारण एक तृतीयांश. पार निराश होऊन घरी परतले.

मित्रांनो, इथे आपण असतो तर? ‘वारा बरोबर नव्हता’ असं लिहून मोकळे झालो असतो. राइट बंधूंनी ठरवलं, आपलं रीडिंग खरं असेल तर पुस्तकात कुठेतरी चूक आहे. ग्लायडरच्या नोंदींवरून त्यांनी स्थिरांक काढला, तो आला ०.००३३ च्या आसपास. म्हणजे सर्वमान्य आकडा दीडपट मोठा होता! (तो आकडा जास्त असावा, असं आणखीही काही संशोधकांच्या मोजमापांतून दिसलं होतं. तरी वापर चालूच होता.)

पण उरलेली तूट? संशय लिलिएन्थालच्या तक्त्यावर होता. दोष द्यायला गेलेला माणूस सोपा असतो. पण भावांनी तपासायचं ठरवलं. सायकलच्या दुकानात सहा फूट लांबीची लाकडी पेटी बनवली, एका टोकाला पंखा बसवला. झाला विंड टनेल! आत बल मोजायचा तराजू, तोही हॅकसॉ ब्लेडचे तुकडे आणि सायकलच्या स्पोकची तार वापरून केलेला.

या तराजूची युक्ती खास इंजिनिअरची आहे. त्यात छोट्या पंखाची उचल आणि सपाट पट्ट्यांवर येणारा हवेचा दाब, दोन्ही एकाच वाऱ्यात एकमेकांविरुद्ध तोलले जायचे. त्यामुळे थेट गुणोत्तर मिळायचं. तो वादग्रस्त स्थिरांक अंश आणि छेद दोन्हीकडे येऊन चक्क कॅन्सल! ज्या आकड्यावर भरवसा नाही, तो गणितातूनच बाहेर.

त्या वर्षाच्या शेवटापर्यंत त्यांनी पंखांचे सुमारे दोनशे आकार तपासले. निष्कर्ष असा, की लिलिएन्थालचा तक्ता त्याच्या स्वतःच्या पंखापुरता बराचसा बरोबर होता. फक्त तो दुसऱ्या आकाराच्या पंखाला लावणं चूक होतं. लांब आणि अरुंद पंख जास्त चांगले, हेही आकड्यांत कळलं. १९०२ चा ग्लायडर या नव्या आकड्यांवर बांधला आणि त्याने अपेक्षेप्रमाणे काम केलं. पुढे प्रोपेलरसुद्धा त्यांनी ‘गोल फिरणारा पंख’ समजून याच आकड्यांवरून बनवला.

१७ डिसेंबर १९०३. पहिलं उड्डाण १२ सेकंद, १२० फूट. आजच्या जम्बो जेटच्या पंखांचा विस्तारही यापेक्षा मोठा असतो! त्याच दिवशीचं चौथं उड्डाण ५९ सेकंद, ८५२ फूट. मला सगळ्यात भावलेली गोष्ट वेगळीच आहे. जिथे एकेक पाउंड वाचवायचा होता, त्या विमानावर त्यांनी स्टॉपवॉच, वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र आणि इंजिनाचे फेरे मोजणारा काउंटर बसवला होता. जगातल्या पहिल्या विमानात दुसऱ्या माणसाला जागा नव्हती, पण रीडिंगला होती!

याच्या नऊच दिवस आधी, ८ डिसेंबरला, स्मिथसोनियनचे प्रमुख सॅम्युएल लँग्ले यांचं विमान पोटोमॅक नदीत कोसळलं होतं. त्यांच्या पाठीशी अमेरिकी युद्धखात्याचे ५० हजार डॉलर होते. लँग्ले मोठे शास्त्रज्ञ, यात शंका नाही. पण त्यांनी छोट्या मॉडेलवरून एकदम मोठ्या विमानावर उडी घेतली. राइट बंधू मात्र इंजिन लावण्याआधी ग्लायडरवर सुमारे हजार वेळा तरंगून आले होते.

आणि आपले तळपदे?

हा प्रश्न कॅन्टीनमध्ये हमखास निघतो. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईत चौपाटीवर विमान उडवलं, असं आपण ऐकत आलोय. तळपदे होऊन गेले, त्यांना या विषयाचा ध्यास होता, हे खरं. मराठी माणूस म्हणून मलाही ती गोष्ट खरी असावीशी वाटते. पण इंजिन कुठलं, वजन किती, किती सेकंद उडालं, यातलं काहीही तपासता येईल अशी नोंद हाती नाही. याच चर्चेत येणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाचा १९७४ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच संशोधकांनी अभ्यास केला. ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली विमानं उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष. त्यातली चित्रं तर बंगळुरूच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या ड्राफ्ट्समनने काढलेली!

यात तळपद्यांचा अपमान नाही. उलट हळहळ आहे. त्यांनी केलं असेल ते, फसलं असेल तेसुद्धा, आकड्यांत लिहिलेलं मिळालं असतं तर आज आपल्याला वाद घालावा लागला नसता. एल्मरच्या शेपटासारखीच ही गत.

उलट नोंदींचा प्रवास बघा. १९०३ नंतर अवघ्या ६६ वर्षांनी नील आर्मस्ट्राँग चंद्रावर गेले, तेव्हा सोबत राइट बंधूंच्या त्या विमानाचं थोडं कापड आणि लाकूड होतं. १९ एप्रिल २०२१ रोजी मंगळावर इंजेन्युइटी हे छोटं हेलिकॉप्टर उडालं, त्यावरही त्याच कापडाचा तुकडा होता. मंगळावरची हवा आपल्या हवेच्या सुमारे एक टक्का दाट. तिथे जाऊन ‘बघू या’ म्हणायची सोय नव्हती. म्हणून पृथ्वीवरच्या बंद टाकीत तेवढी विरळ हवा ठेवून आधी मोजलं, मग पाठवलं. सायकलच्या दुकानातल्या पेटीचीच ही पणती.

असो. आता ते ०.७१. गेल्या महिन्यात लॅब असिस्टंट काकांना मस्का लावून तोच सेटअप पुन्हा चालवला. रीडिंग पुन्हा चुकलं. काकांनी मॅनोमीटरच्या नळीकडे बोट दाखवलं, “अरे, आत हवा अडकलीय, ती काढलीस का?” कॉक उघडला, बुडबुडे निघून गेले आणि कोएफिशंट आला ०.९६.

म्हणजे आमचं ०.७१ चुकीचं नव्हतंच. ‘नळीत हवा आहे’ हे ते ओरडून सांगत होतं. आम्ही त्याचं तोंड दाबून ०.९८ लिहिलं आणि चहाला गेलो. मित्रांनो, या वेळचं जर्नल लिहिताना जे येईल ते लिहा. सर रागावले तर हा लेख दाखवा. मार्क जातील कदाचित दोन. पण ती हवा नक्की सापडेल.