इटलीतल्या टेकडीवर माणगावचा यशवंत

इटली म्हटलं की आपल्या रील्समध्ये व्हेनिसच्या होड्या, पिसाचा कललेला मनोरा नाहीतर रोमचं कोलोसियम. मोंतोने कुठेच नसतं. उंब्रिया भागात, पेरुजा शहराच्या उत्तरेला एका टेकडीवर बसलेलं हे गाव. लोकवस्ती दोन हजारांच्याही आत, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या हाउसिंग सोसायटीत सगळं गाव मावेल. तरीही या गावात एका मराठी जवानाचं स्मारक आहे. त्याच्याकडे जाऊच, पण आधी गाव फिरून घेऊ.

दगडी तट, अरुंद गल्ल्या आणि तीन वेशी: बोर्गो, मोंते आणि वेर्झिएरे. गावाचे तीन भाग याच वेशींच्या नावाने ओळखले जातात. मधल्या चौकाला नाव आहे फोर्तेब्राचो घराण्याचं. या घराण्यातला ब्राचो (1368-1424) हा पैसे घेऊन दुसऱ्यांसाठी लढणारा सेनानी. त्या काळी इटलीतली शहरं अशा सरदारांच्या फौजा चक्क कंत्राटावर घ्यायची. ब्राचोने 1416 मध्ये पेरुजाच ताब्यात घेतलं आणि आठ वर्षांनी लाक्विलाच्या लढाईत जखमी होऊन तो गेला. त्याची गढी 1478 मध्ये पोपच्या फौजेने पाडली. आता तिथे फक्त अवशेष आहेत.

गावाला ब्राचोपेक्षा जास्त जिव्हाळा आहे तो एका काट्याचा. ब्राचोचा मुलगा कार्लो व्हेनिसच्या बाजूने लढला आणि त्याबद्दल 1473 मध्ये त्याला येशूच्या काटेरी मुकुटातला म्हणून मानला जाणारा एक काटा मिळाला. तो त्याने आपल्या गावाला दिला. काटा खरा की खोटा, हा वाद इथे कुणी घालत बसत नाही. दर ऑगस्टमध्ये तिन्ही वेशींचे लोक जुन्या काळचे कपडे घालून मिरवणूक काढतात, एकमेकांशी स्पर्धा लावतात. आपल्याकडे गणपतीत दोन आळ्यांची चुरस असते ना, तसाच प्रकार.

सगळंच काही गावाकडे राहिलं नाही. इथल्या सान फ्रान्चेस्को चर्चसाठी 1469 मध्ये तयार झालेला सुंदर चित्रांचा प्रार्थनाग्रंथ आज अमेरिकेत क्लीव्हलँडच्या संग्रहालयात आहे.

आता 1944 चा उन्हाळा. जूनच्या सुरुवातीला रोम मुक्त झालं होतं आणि जर्मन फौजा उत्तरेकडे मागे सरकत होत्या. पण प्रत्येक टेकडीवर अडवत, लढत. मोंतोनेजवळून टायबर नदी वाहते. तिच्या वरच्या खोऱ्यात भारतीय सैन्याची 10 वी डिव्हिजन लढत होती. त्यातच होती 5 व्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन आणि तिच्यात नाईक यशवंत घाडगे. गाव माणगाव तालुक्यातलं, जिल्हा तेव्हाचा कुलाबा, आजचा रायगड. वय 22. हे पान वाचणाऱ्या कित्येकांच्या वयाचे.

10 जुलैला त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. यशवंत सोडून बाकी सगळे ठार किंवा जखमी. मागून कुणी येणार नाही हे माहीत असताना ते एकटे त्या मोर्चावर धावून गेले. ग्रेनेड टाकून मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही गप्प केले. आणखी एकाला टॉमीगनने टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. मग बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिच्याच दस्त्याने मारलं. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून ते तिथेच गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

इटलीच्या मोहिमेत एकूण 20 व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांतले 6 भारतीय जवानांचे. सरकारी आकड्यांनुसार 50 हजारांहून जास्त भारतीय तिथे लढले आणि 5,782 परतले नाहीत. शाळेच्या पुस्तकात आपण दुसरं महायुद्ध शिकलो ते हिटलर, पर्ल हार्बर, हिरोशिमा असं. हे आकडे निदान मला तरी तिथे भेटले नव्हते. मान्य, ती फौज ब्रिटिशांची होती, लढाईचा निर्णय आपला नव्हता. पण गेलेली पोरं आपलीच होती.

यशवंत घाडगे यांची कबर नाही. त्यांचं नाव कासिनोच्या युद्धस्मारकावर कोरलेलं आहे. आणि जुलै 2023 पासून मोंतोनेतही आहे. गावच्या पालिकेने इटालियन लष्करी इतिहासकारांच्या साथीने त्यांच्या नावाचं स्मारक उभारलं, तेही सूर्यघड्याळाच्या रूपात. त्यावरच्या लॅटिन ओळीचा अर्थ, आपण सगळे एकाच सूर्याखाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संरक्षणमंत्री राजनाथ सिंह तिथे जाऊन आले. ज्या गावाने एक काटा साडेपाचशे वर्षं जपला, त्यानेच हे घड्याळ उभारलं याचं मला फारसं नवल वाटत नाही.

जायचंच असेल तर जुलैत जा. तेव्हा इथे फिल्म फेस्टिव्हल असतो, 'ब्राझील'वाले दिग्दर्शक टेरी गिलियम त्याचे मानद अध्यक्ष आहेत. युरोपचं तिकीट सध्या परवडणार नसेल तर मुंबई-गोवा हायवेवर, जिथे कोकणात जाताना आपण हमखास ट्रॅफिकमध्ये अडकतो, त्या माणगावात यशवंत घाडगेंचा पुतळा आहे.