सळईला गंज चढतो कसा?
नवं काँक्रीट चांगलंच अल्कधर्मी असतं. त्याचा पीएच 12 ते 13 भरतो. अशा वातावरणात सळईवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो आणि पोलाद सुरक्षित राहतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत पीएच 9च्या खाली आणतो, मग हा थर टिकत नाही. खाऱ्या वाऱ्यातलं क्लोराइड तर पीएच शाबूत असतानाही या थराला भोकं पाडतं. मुंबईत, कोकणात म्हणूनच दुहेरी मार. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो, काँक्रीटला आतून रेटतो आणि सळईच्या रेषेत तडा जातो.

पोपडे पाडून वर नुसता गिलावा मारणं ही दुरुस्ती नव्हे. हातोडीने ठोकून बद्द आवाजाचा भाग शोधायचा, सळईच्या मागचंही काँक्रीट काढायचं, गंज खरवडायचा, जस्तयुक्त प्रायमर लावायचा, मग पॉलिमर मॉर्टर. मुळात गंजच लांबवायचा तर कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, पुरेसा हवा. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस 456 : 2000 किनारी हवेत उघड्या काँक्रीटला 45 मिमी कव्हर सांगतं. साइटवर मात्र कव्हर ब्लॉकऐवजी सळईखाली खडीचा तुकडा सरकवलेला सर्रास दिसतो!